लांडग्याचे माळरान

आमच्या लासलगावचा कांदा सगळ्यांना ठाऊक आहे. पण शेजारच्या येवला तालुक्यात ममदापूरला काळवीट आणि लांडगे राहतात, हे पुष्कळांना माहीत नाही. तिथले माळरान सरकारने सन २०१४ मध्ये राखीव केले. गुरुजींनी आमची सहल तिथे नेली. काळवीट उड्या मारताना दिसले. लांडगा काही दिसला नाही. मातीत त्याच्या पायाचे ठसे तेवढे होते.

माझ्या मामांची गाभण शेळी लांडग्याने नेली होती. आजी फार रडली. मामा म्हणाले होते, त्याच्या बिळात धूरच करतो. म्हणून मी वनरक्षक काकांना विचारले, "लांडगा कशाला राखायचा?"

काका म्हणाले, "त्याला दाट जंगल नको, मोकळा माळ लागतो. तो ससे, उंदीर, काळवीट खातो. माळ नांगरला की तो शेळ्यांकडे वळतो. त्याला मारणे १९७२ च्या कायद्याने गुन्हा आहे. शेळी नेली तर लगेच वनखात्याला कळवा. पंचनामा झाला की भरपाई मिळते."

मी मामांना हे सगळे सांगितले. आता ते रात्री शेळ्या बोराटीच्या कुंपणात कोंडतात. धुराचे नाव काढत नाहीत. शेळीही जगावी आणि लांडगाही जगावा, असे मला वाटते.