पद्मिनीच्या वाट्याचा गारवा

प्रीमियर पद्मिनीच्या पुढच्या दाराला, मोठ्या काचेच्या पुढ्यात, एक लहानशी तिकोनी काच असते. खिटी सोडवायची, हातानं काच वळवायची, की ती उभ्या कण्याभोवती फिरते. अर्धी वळवली तर आतली कोंदट हवा ओढून बाहेर टाकते. पुरती उलटी वळवली तर समोरचा वारा अडवून थेट चालवणाऱ्याच्या छातीवर आणून सोडते. ना मोटर, ना तार, ना बटण. पहाटे पुणं सोडून शिरवळच्या पुढे ही काच ज्यांनी उलटी फिरवली आहे, त्यांना त्या वाऱ्याचं सुख मी नव्यानं काय सांगणार! पण या सुखाला एक अट आहे. गाडी चालत असली पाहिजे.

गाडीचा मूळ आराखडा इटलीतल्या तुरिनचा. नव्या घडणीची फियाट ११०० ही गाडी १९५३ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात आली. त्याच घराण्यातली पुढची गाडी मुंबईत कुर्ल्याला, वालचंद हिराचंदांनी स्थापलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कारखान्यात तयार होऊ लागली आणि १९७४पासून पद्मिनी या नावानं विकली गेली. तुरिनच्या डोक्यावर आल्प्स पर्वत. तिथं गाडी बेतणाऱ्यांना घोर होता तो हिवाळ्याचा. उन्हाळा त्यांनी वाऱ्यावर सोडला. आपल्याकडेही ते बरीच वर्षं निभावलं, कारण रस्ते मोकळे होते. आता एप्रिलमध्ये संध्याकाळी साडेसहाला पुण्याच्या विद्यापीठ चौकात उभं राहून बघा. चारही काचा उघड्या, तिकोनी काच पुरती वळलेली, आणि आत येतो तो शेजारच्या बसचा धूर. टपाचा पत्रा दिवसभर तापलेला असतो, तो अंधार पडेपर्यंत डोक्यावर आग ओततो. पायांशी इंजिनाची धग असते ती वेगळीच.

म्हणून, जुन्या गाडीत एसी बसवणं म्हणजे तिच्या मूळपणाला बट्टा लावणं, असं म्हणणाऱ्या जाणकारांशी माझं जमत नाही. त्यांचा जीव गाडीत आहे हे मला दिसतं. पण मला गाडी वापरात हवी आहे. आमची पद्मिनी मार्च उजाडला की कापडाखाली जायची आणि पाऊस लागेपर्यंत बाहेर निघायची नाही. गाड्यांचं आयुष्य अशा पडून राहण्यानंच सरतं. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल सुकून चिकट होतं, ब्रेकच्या सिलिंडरातली रबरं धरतात, टायर एकाच जागी बसतात. शिवाय आईला दुसऱ्या कुठल्याही गाडीपेक्षा हिचीच सीट मानवते. पुढची सीट बाकासारखी सलग, उंचीला सरळ, पाय लांब करायला ऐसपैस. गिअर स्टिअरिंगपाशी, हाताचा, त्यामुळे मधे दांडा नाही. सांधे दुखणाऱ्या माणसाला गाडीत बसणं आणि गाडीतून उतरणं हीच दोन मोठी कामं असतात, आणि ती पद्मिनीत सोपी आहेत. मग आईनं ऐन उन्हाळ्यात, लग्नसराईत, घरी का बसावं?

प्रश्न उरतो तो गाडीला किती झेपेल याचा. आमच्या मेस्त्रींनी बोनेट उघडून आधी हेच ऐकवलं, "ताई, थंड करणं अवघड नाही. गरम न होऊ देणं अवघड आहे." सगळं काम या दोन वाक्यांत आहे, आणि पैसे खर्च करण्याआधी ते नीट समजून घ्यावं असं मला वाटतं.

एसी थंडी तयार करत नाही. तो आतली उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकतो. कॉम्प्रेसर गॅस दाबतो, दाबला की तो तापतो. पुढच्या जाळीमागच्या कंडेन्सरमध्ये वारा लागून तो निवतो आणि द्रव होतो. मग अरुंद तोंडाच्या व्हॉल्व्हमधून सुटला की दाब एकदम पडतो आणि कूलिंग कॉइलमध्ये तो उकळून पुन्हा वायू होतो. उकळायला लागणारी उष्णता तो गाडीतल्या हवेकडून घेतो. हे सारं चालतं इंजिनाच्या जिवावर. पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं, ताकद चाळीसेक अश्वशक्तीची. त्यातली तीन-चार अश्वशक्ती भर उन्हात एकटा कॉम्प्रेसर खाऊ शकतो. म्हणजे जवळजवळ दहावा हिस्सा. ऐकायला धसका बसतो, पण ज्या मारुती ८००नं देशाला छोट्या गाडीतला एसी दाखवला तिचं इंजिन ७९६ सीसीचंच होतं. एसी चालू केला की तिचा पिकअप बसायचा, चढावर लोक बटण बंद करायचे, आणि तरीही गाड्या वर्षानुवर्षं धावल्या. पद्मिनी तिच्याहून जड आहे, पण वजनानं नऊशे किलोच्या आतबाहेरच. तिला झेपतं. फक्त तिच्या कलानं घ्यावं लागतं.

खरी अडचण कंडेन्सरची आहे. तो रेडिएटरच्या पुढ्यात बसतो, आणि गाडीतून उपसलेली सगळी उष्णता रेडिएटरवर जाणाऱ्या वाऱ्यातच सोडतो. जो वारा पूर्वी थंडगार येऊन इंजिनाला निववायचा, तो आता आधीच तापून येतो. पद्मिनीचा पंखा बेल्टवर फिरतो. सिग्नलला इंजिन मंद झालं की पंखाही मंद. म्हणजे ज्या जागी एसीची सर्वांत जास्त गरज, नेमक्या त्याच जागी इंजिनाला वारा सर्वांत कमी. इथं कंजुषी केली की हेड गॅसकेट जातं, अॅल्युमिनियमचं हेड वाकतं, आणि दोष मात्र एसीच्या माथी येतो. उपाय साधा आहे, पण तो आधी करायचा असतो. रेडिएटर उघडून नळ्या साफ करायच्या, जमल्यास जास्त नळ्यांचा नवा कोअर घालायचा. विजेचा पंखा जोडायचा, एसी लागला की तो आपोआप सुरू व्हावा असा. पंख्याभोवती पत्र्याचं कवच करायचं, म्हणजे ओढलेली हवा इकडेतिकडे न निसटता जाळीतूनच येईल.

मग विजेचा हिशोब. ब्लोअर, विजेचा पंखा आणि कॉम्प्रेसरचा चुंबकी क्लच मिळून वीस-पंचवीस अँपिअर सहज ओढतात. रात्री त्यात हेडलाइट. जुन्या गाड्यांतला डायनामो इंजिन मंद असताना जवळजवळ काहीच देत नाही, तेव्हा त्याच्या जागी अल्टरनेटर लागतो. हल्ली बॅटरीवर चालणाऱ्या कॉम्प्रेसरचीही भुरळ पडते, बेल्टची कटकट नको म्हणून. पण नुसता एक किलोवॅट घ्यायचा तरी बारा व्होल्टवर त्याला ऐंशीच्या वर अँपिअर हवेत. पद्मिनीच्या तारांना ते पेलणारं नाही. बेल्टच बरा.

क्रँकच्या पुलीला लेथवर दुसरी खाच करून घ्यायची, कॉम्प्रेसरला ब्रॅकेट करायचं. ब्रॅकेट करणं ही कारागिरी आहे. दोन्ही पुल्या एका रेषेत आल्या नाहीत तर बेल्ट ओरडतो आणि झिजतो. आमच्या मेस्त्रींनी आधी पुठ्ठ्याचा नमुना कापला, इंजिनावर धरून पाहिला, पुन्हा कापला, आणि मग लोखंडाला हात लावला. इंजिनाच्या ब्लॉकला नवं भोक पाडायचं नाही, जुने बोल्ट जिथं आहेत तिथंच टेकू घ्यायचा, हा त्यांचा हट्ट होता. अशा माणसाच्या हाती गाडी निर्धास्त सोपवावी.

माझा हट्ट डॅशबोर्डचा होता. पद्मिनीचा डॅशबोर्ड पत्र्याचा, गाडीच्याच रंगाचा. त्यात झरोके पाडून कूलिंग कॉइल आत लपवता येते आणि दिसतंही नीटनेटकं. पण कापलेला पत्रा पुन्हा येत नाही, आणि हे सुटे भाग बनवणारा कारखानाही आता उरला नाही. आम्ही जुन्या पद्धतीनं डॅशबोर्डखाली लटकता खोका बसवला. चार स्क्रू काढले की गाडी होती तशी. मधल्या माणसाचे गुडघे त्याला लागतात, पुढे तिघं बसणं संपलं, ही किंमत आहे आणि ती मी मान्य केली आहे. कॉइलवर साचणारं पाणी बाहेर काढायची नळी मात्र डोळ्यांत तेल घालून तपासावी. ती तुंबली तर पाणी गालिच्याखाली मुरतं आणि जमिनीचा पत्रा कुजतो, तोही वरून न दिसता.

हे पाणी मला फार महत्त्वाचं वाटतं. नागपूरचा मे महिना पंचेचाळीस अंशांचा असला तरी कोरडा. तिथं वाळ्याच्या ताट्यांनी, कूलरनं माणूस तरतो. मुंबईत पारा तितका चढत नाही, पण घाम सुकत नाही. अशा हवेत कूलर निरुपयोगी. एसी हवेतली ओल काढून घेतो, आणि गाडीखाली टपटपणारं पाणी म्हणजे तीच ओल. दादर ते पनवेल जाऊन आईचं पातळ कोरडं राहिलं, ते त्या थेंबांमुळे.

गॅसबद्दल थोडं बोललंच पाहिजे. पूर्वी गाड्यांत आर-१२ भरत. १९७४ साली, म्हणजे पद्मिनीला नाव मिळालं त्याच वर्षी, मोलिना आणि रोलंड या दोघा शास्त्रज्ञांनी असे वायू ओझोनचा थर खातात असं दाखवून दिलं. १९८७चा माँट्रियल करार त्यातूनच पुढे झाला आणि गाड्यांत आर-१३४ए आला. तो ओझोनला अपाय करत नाही, पण हवेत सुटला तर कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून जास्त उष्णता धरून ठेवतो. म्हणून भंगारातून आणलेल्या जुन्या नळ्या वापरू नयेत. गॅस त्यांतून झिरपतो. आधी व्हॅक्यूम काढून लीकेज पाहावं, मगच गॅस भरावा, आणि जुना गॅस कुणी मोकळ्या हवेत सोडत असेल तर त्याला थांबवावं. स्वस्तात ज्वलनशील गॅस भरून देणारेही भेटतात. आपली माणसं बसतात त्या बंद डब्यात तो कधीच नको.

आता गाडी बारमाही चालते. खंबाटकी घाटाच्या चढाला लागण्याआधी मी एसी बंद करते, काच खाली करते, वर पोचल्यावर पुन्हा लावते. टपाच्या अस्तराआड आणि गालिच्याखाली नमदा घातला, दारांची बीडिंग नवी केली, त्यानं निम्मं काम हलकं झालं. मोठ्या नव्या गाडीसारखी हुडहुडी भरत नाही. उन्हातून आलेल्या माणसाचा श्वास खाली बसतो, एवढा गारवा मिळतो आणि तो पुरतो.

मुंबईच्या रस्त्यांवरून काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये कायमची उतरली. उरल्या त्या घरोघरच्या गाड्या. तुमच्या दारात अशी एखादी उभी असेल तर तिला उन्हाळ्यात कोंडून ठेवू नका. एसीचं काम दिवाळीनंतर, थंडीत काढा, कारण मार्च लागला की मेस्त्रींना वेळ नसतो. आणि पहिला खर्च कॉम्प्रेसरवर नव्हे, रेडिएटरवर करा.