शेजाऱ्यांचे पार्सल

आमच्या घराला ओटा आहे आणि ओट्यावर दिवसभर आजी बसलेली असते. एवढ्या दोन गोष्टींमुळे आमचे घर गल्लीचे पोस्ट ऑफिस झाले आहे. सोयाबीनच्या सोंगणीला, कापूस वेचणीला माणसे सकाळीच शेतात जातात. दुपारी गल्लीत कुत्र्याखेरीज कोणी भेटत नाही. मग पार्सलवाला मोटारसायकल थांबवून ओट्याकडे पाहतो, आजी मला हाक मारते आणि मी पुस्तक मिटून उठतो. (अभ्यास न होण्याची जी कारणे मी घरी सांगतो, त्यांत हे एक.)

बुलढाण्याला रेल्वे नाही. मलकापूरला उतरलेला माल राजूर घाट चढून वर यायचा. पूर्वी लोक व्ही.पी.पी.ने पुस्तके मागवीत. पोस्टमनच्या हाती पैसे ठेवल्याशिवाय पुडके फोडता येत नसे. १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड सुरू झाला, बुलढाण्याला ४४३००१ मिळाला. पण आमच्या गल्लीचा पत्ता अजून 'मारुतीच्या देवळामागे, गिरणीजवळ' असाच. त्यातही नाव घरातल्या कर्त्या माणसाचे घालायचे, म्हणजे चुकत नाही. २०२५ मध्ये रजिस्टर पोस्टही स्पीड पोस्टात विलीन झाले. आता पुष्कळदा ओटीपी मागतात. शेतात रेंज नसते. पार्सलवाला उन्हात ताटकळतो, आजी त्याला पाणी देते आणि मी बांधावरच्या माणसाला फोन लावीत बसतो. सही करणे सोपे होते.

दिवाळीनंतर शेजारच्या काकांच्या नावाचे एक जड पार्सल आले. पैसे द्यायचे होते, ४८० रुपये. घरी कोणी नव्हते. परीक्षेच्या फीसाठी ठेवलेल्या पैशांतून मी ते दिले. शेजारधर्म म्हणतात तो हाच, असेही थोडेसे वाटले.

संध्याकाळी काका म्हणाले, "आमी काही मांगवलं नाही बा. कोनं सांगतलं तुले पैसे द्याले?"

त्यांच्यामागे दारात वहिनी उभी होती. ती काही बोलली नाही. मी खोका उचलून परत आलो. चार दिवस दोन्ही घरांत विरजणाची वाटीसुद्धा फिरली नाही. आई म्हणाली, नसत्या उठाठेवी. फीची तारीख जवळ येत होती आणि खोका माझ्या खाटेखाली पडून होता.

पाचव्या दिवशी दिवेलागणीला वहिनी मागच्या दाराने आली. पदराच्या गाठीतून दहा-वीसच्या नोटा सोडवून तिने माझ्यासमोर ठेवल्या. "भाऊ, मोजून घ्या. अन् खोका इथंच राहू द्या." आत तलाठी भरतीची पुस्तके होती. लग्न झाले तेव्हा ती बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. सुनेने शिकून काय करायचे, यावर काकांचे मत अख्ख्या गल्लीला पाठ आहे.

(हे तिला विचारूनच लिहितो आहे. 'ओळखू येईल असं ठेवू नका' म्हणाली, तसे बदलले आहे.)

आता ती दुपारी आजीच्या डोक्याला तेल लावायला म्हणून येते आणि ओट्याच्या आतल्या खोलीत तासभर वाचते. आजी बाहेर पहाऱ्याला. तिची पार्सले माझ्या नावावर येतात.

परवा पुन्हा एक खोका आला, तेव्हा काका ओट्यावरच तंबाखू मळत बसले होते. माझ्या हातातल्या खोक्याकडे पाहून म्हणाले, "लय पुस्तकं मांगवतं बा तू. यंदा पयला येशीन!"

आजीने पदर तोंडाला लावला.