बावन्न पानांची वर्गणी

पत्त्यांचा नवा कॅट विकत आणणारा माणूस मी क्वचितच पाहिला आहे. कॅट घरात असतोच. त्यातली इस्पिकची सत्ती हरवलेली असते आणि तिच्या जागी लग्नपत्रिकेचा कापलेला तुकडा बिनतक्रार काम करीत असतो. वर्षानुवर्षे त्यावरच झब्बू आणि मेंढीकोट चालतात. अशा या जगात माझ्या भाच्याने नवा कॅट काढायचा, तोही लोकांकडून आगाऊ पैसे घेऊन, असा बेत केला तेव्हा ताई हबकलीच. नोकरी सोडून पोरगा पत्ते विकणार, हे तिने शेजारी कोणत्या तोंडाने सांगावे?

भाचा चित्रकार. आमच्या ऐरोलीच्या खाडीवर त्याचा भारी जीव. ही खाडी २०१५ साली रोहित पक्ष्यांचे अभयारण्य झाली आणि २०२२ साली रामसर यादीत गेली. त्याने राजाच्या जागी रोहित काढला होता, गुलामाच्या जागी चिंबोरी आणि जोकर म्हणून कोळीवाड्यातला एक गलेलठ्ठ बोका! छापखाना ५०० कॅटांखाली बोलायला तयार नव्हता. संकेतस्थळाचा नियम असा, की ३० दिवसांत ३०० कॅटांची नोंद झाली तरच पैसे हाती यायचे. २९९ वर गाडी अडली, तर ज्याचे पैसे त्याच्याकडेच.

"मामा, चित्रं चांगली आहेत. आपोआप खपतील," तो म्हणाला.

मी कादंबऱ्या लिहितो. आपोआप काय खपते, हे मला पुरते ठाऊक आहे.

मी त्याला विचारले, "गणपतीचं पावतीपुस्तक घेऊन कधी फिरलास का रे?" कोऱ्या पुस्तकावर पहिला आकडा घालायला कोणी धजत नाही. वरती चार भरघोस आकडे दिसले, की पाचवा माणूस खिशात हात घालतो. म्हणून संकेतस्थळ उघडण्याआधी महिनाभर तो ओळखीपाळखीच्या पन्नास जणांकडे जाऊन आला. पहिल्याच दिवशी त्यांची नावे लागली पाहिजेत, एवढीच मागणी.

दादासाहेब फाळक्यांचेही तेच. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ सालचा; पण त्याआधी त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ दाखवणारी छोटी फिल्म करून ती भांडवल देणाऱ्यापुढे ठेवली. नुसत्या बोलण्यावर पैसा सुटत नाही. तेव्हा भाच्याने घरीच एक नमुन्याचा कॅट छापून कापला आणि आम्ही रमी मांडून बसलो. बरे झाले! हातात तेरा पाने पसरली की दिसतात फक्त कोपरे, आणि कोपऱ्यातला आकडा रोहिताच्या मानेखाली दडला होता. पाठीवरचे चित्रही एकाच दिशेने उभे. पान उलटे आले की समोरच्याने ओळखलेच. दोन्ही चित्रे त्याने नव्याने काढली. ताई त्या डावात जिंकली, हे जाता जाता सांगतो.

आता घेणार कोण? पत्ते खेळणारा घेणार नाही. त्याला सत्तीच्या जागी पत्रिका चालते. सावंतवाडीचा गंजिफा पाहा. दशावतारी गंजिफाची १२० गोल पाने, दहा अवतारांचे दहा रंग. खेळणारे उरले नव्हते आणि कलाही पुंडलिक चितारी यांच्यासारख्या म्हाताऱ्या हातांत कशीबशी तग धरून होती. १९७०च्या दशकात शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी ती शिकून घेतली, राजवाड्यात कारागीर बसवले. आज ती पाने घेऊन जाणारे बहुतेक जण खेळण्यासाठी नव्हे, जपून ठेवण्यासाठी नेतात. भाच्याचे गिऱ्हाईकही खाडीवर होते. थंडीत पक्षी उतरले की ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातून होड्या सुटतात. होडीतून उतरलेल्या माणसाला नुकताच पाहिलेला पक्षी हातात दिला, तर तो नाही म्हणायला कचरतो. म्हणून त्याने दिवाळीचा मोह सोडून जानेवारी धरला.

पहिल्या चार दिवसांत ९० नोंदी झाल्या. मग पंधरा दिवस चिडीचूप. तो जेवेनासा झाला. ताई काही बोलत नसे; पण नमुन्याच्या कॅटाची पाने रात्री मोजून ठेवी. रविवारी सकाळी तो धक्क्याबाहेर सतरंजी टाकून बसू लागला. पोरे खेळायला बसत, त्यांचे आईबाप पाहत उभे राहत. अखेरच्या आठवड्यात आकडा पुन्हा हलला आणि मुदतीच्या आदल्या रात्री ३०४ वर थांबला.

टपालखर्च त्याने किमतीत आधीच धरला होता, म्हणून गाठीला थोडे उरलेदेखील. ताईने नोंदणी केली नव्हती. तिला कॅट पुऱ्या किमतीला घ्यावा लागला.