सुगीवर टाकलेलं बिल

देवगाव फाट्यावर उभं राहिलं की आमच्या पिढीला रस्त्यांवरून दवाखाने आठवतात. साधं दुखणं सेलूला, थोरलं परभणीला, आणि कुणीच हात लावत नसेल तर जालन्यावरून औरंगाबादच्या घाटीत. दुखणं केवढं, ते डॉक्टरआधी फाट्यावरच्या चहावाल्याला कळायचं. गाडी कोणती धरली एवढं त्यानं पाहिलेलं असायचं.

बिल तेव्हा बोलून व्हायचं. वडील टोपी काढून हातात घेत, "सुगीवर देतो, साहेब" म्हणत. डॉक्टर चष्म्यावरून बघत आणि लांबट वहीत नाव, गाव, आकडा लिहीत. कापसाचे पैसे आले की आधी दुकानदार, मग डॉक्टर. पैसे मोजून झाल्यावर वहीतल्या नावावर आडवी रेघ पडेपर्यंत वडील हलत नसत. रेघ ओढता ओढता डॉक्टर विचारत, "माय कशी आहे आता?" आणि वरचे दहा-वीस सोडून देत.

आता काउंटरवर काच आहे. सकाळी डिस्चार्ज लिहिलेला पेशंट सलाईन काढून, पिशवी बांधून संध्याकाळपर्यंत कॉटवर बसलेला असतो, कारण "क्वेरी आलीय". कॅशलेसची अंतिम मंजुरी तीन तासांत द्या, असं विमा नियामकानं 2024 साली बजावलंय. आमच्या लोकांना क्वेरीपेक्षा स्वतःचा भाबडेपणा जास्त नडतो. दाखल होताना डॉक्टरनं सहज विचारलं, तर म्हातारा मदत म्हणून सांगतो, "शुगर? असंल की पाच-सहा वर्षं." केस पेपरवरचं तेवढं वाक्य दावा नाकारायला पुरतं : आजार आधीचा, फॉर्मात लपवला. फॉर्म एजंटानं भरलेला, सही मात्र म्हाताऱ्याची.

पण वहीचे गोडवे गाताना जरा जपूनच. ज्याला शेत नाही त्याचं नाव त्या वहीत सहसा चढत नसे. बायकांच्या पाटल्या सावकाराकडे जात, आणि "कशाला खर्च" म्हणत किती म्हातारी घरीच गेली, त्याची वही कुणी ठेवली नाही. बिल जास्त वाटलं तरी आम्ही टोपीच काढत होतो. ग्राहक कायदा आला 1986 साली. पैसे घेऊन केलेला उपचारही त्यात येतो, हे सर्वोच्च न्यायालयानं 1995 साली सांगितलं. त्याआधी आमच्याकडे दाद मागायची जागा म्हणजे नशीब.

आज फुले योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, आरोग्यमित्र टेबलाशी बसलेला असतो. "हे पॅकेजात बसत नाही" हेही तोच सांगतो. थकलेल्या बिलापायी मृतदेह अडवून ठेवता येत नाही, असा नियम राज्यानं 2021 साली केला. नियम करावा लागला, यातच सगळं आलं. तरीही ती आडवी रेघ आठवते. हल्ली मोबाईलवर "सेटल्ड" असा मेसेज येतो. माय कशी आहे, हे त्यात नसतं.

विमा कंपनीनं नाही म्हटलं तर तोंडी नकारावर फाट्याकडे परत फिरू नका. कारणासकट लेखी पत्र मागा, केस पेपरची प्रत घ्या. मोजलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही. तक्रार मात्र दोन वर्षांच्या आत करावी लागते. सुगीची वाट तिथं चालत नाही.