अण्णांचं घर

काल रात्री पुन्हा ‘तुंबाड’ पाहिला. २०१८चा सिनेमा, पण त्यातल्या हस्तर राक्षसापेक्षा नायक विनायकाच्या डोळ्यांतली हाव अजूनही जास्त घाबरवते. राही अनिल बर्वेंनी कित्येक पावसाळे घालवून टिपलेला तो पाऊस अंगात मुरतो.

भयपटांचं हिंदी घराणं आम्हा गिरगावकरांच्या शेजारचंच. रामसे बंधूंच्या कुटुंबाचं रेडिओचं दुकान लॅमिंग्टन रोडवर होतं. ‘दो गज जमीन के नीचे’ (१९७२) त्यांनी महाबळेश्वरला केला, कॅमेऱ्यापासून आवाजापर्यंत सगळी कामं भावाभावांत वाटून. त्यांच्याच ‘पुराना मंदिर’मधल्या सामरी या सैतानाला नाकं मुरडणारे मुरडोत, मला त्या मेहनतीचा आदर आहे. बायकांकडे पाहायची त्यांची नजर मात्र कधीच आवडली नाही.

आणि ‘रात्रीस खेळ चाले’! २०१६ साली ही मालिका झी मराठीवर आली तेव्हा आमच्या चाळीतल्या कोकणी बिऱ्हाडांना नाईकांचा वाडा आपलाच वाटला. गावचं घर, सामायिक जमीन, सातबाऱ्यावरची नावं, मनात धरलेली जुनी अढी. भुताच्या आधी तिथे भाऊबंदकी उभी असते. दुसऱ्या पर्वात माधव अभ्यंकरांनी उभे केलेले अण्णा नाईक जिवंतपणीच इतके भयंकर होते की मेल्यावर वेगळं काही करायची गरजच नव्हती.

एकदम दार आपटलं, किंकाळी आली, एवढ्यानं माझं भागत नाही. आपल्याच माणसांची भीती वाटायला हवी. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या भयकथांत ती आहे. त्या कथांवर, दर आठवड्याला एक संपूर्ण गोष्ट सांगणारी, पाणी न घातलेली मालिका कुणीतरी करावी, असं फार वाटतं.