पुढच्याचा होकार

सर्किट बोर्डांच्या लाईनवर बोर्ड पुढे जातो; परवानगी मात्र पुढून मागे येते. लोडर, सोल्डर पेस्टचा प्रिंटर, पार्ट बसवणारं मशीन आणि मग सोल्डर वितळवणारा रिफ्लो ओव्हन, हा त्याचा रस्ता. प्रत्येक सांध्यावर दोन मशीनं दोनच गोष्टी बोलतात. मागचं सांगतं, ‘बोर्ड तयार आहे.’ पुढचं सांगतं, ‘जागा आहे, पाठव.’ दोन्ही जुळलं तरच बेल्ट फिरतो.

या बोलण्याला आम्ही स्मेमा म्हणतो. मशीनं वेगवेगळ्या कंपन्यांची असली तरी १४ पिनांची केबल सगळ्यांना चालते. पिन १ आणि २ वर पुढच्याची तयारी, ३ आणि ४ वर मागच्याचा बोर्ड. तार तुटली तर अर्थ ‘नाही’ असाच निघतो आणि लाईन उभी राहते. ज्यांनी हे ठरवलं, त्यांच्याबद्दल मला फार आदर वाटतो.

मी जळगावच्या मेहरूणचा. तिथल्या एमआयडीसीतल्या डाळ मिलमध्येही हाच नियम: शेवटचा कन्व्हेयर आधी सुरू करायचा, मग त्याच्या मागचा. उलट केलं तर एलिव्हेटर खालून चोक होतो. त्यामुळे पुण्याकडे सर्किट बोर्डांच्या लाईनवर आलो तेव्हा स्मेमा मला परका वाटलाच नाही.

त्याची खरी किंमत ओव्हनपाशी कळते. शिसेविरहित सोल्डरसाठी बोर्ड साधारण २४५ अंशांपर्यंत तापतो. आत गेलेला बोर्ड मध्येच थांबवता येत नाही. थांबला तर करपतो. म्हणून बाहेरचा अनलोडर भरत आला की ओव्हनने आपला होकार वेळेआधीच काढून घ्यायला हवा, आणि आत असलेल्या सगळ्या बोर्डांना पुरेल एवढी जागा पुढे मोकळी हवी.

घाईच्या पाळीत कुणीतरी पिन १ आणि २ शॉर्ट करतं. लाईन चालू होते, कारण पुढचं मशीन आता कायम ‘पाठव’ म्हणतंय. पण हा होकार त्याचा नाही. भरलेल्या जागेवर दुसरा बोर्ड येऊन आदळतो, ओल्या पेस्टवरचे पार्ट सरकतात. माझ्या लाईनवर मी हे कधीही चालू देणार नाही.

२०१७ साली मशीनांच्या या बोलण्याची नवी पद्धत, हर्मीस, आली. आता नेटवर्कवरून बोर्डाचा नंबर आणि रुंदीही पुढे जाते. तरी बोर्ड हलवायची सूचना पुढचंच मशीन देतं. नव्या मुलांना मी म्हणूनच सांगतो: लाईन थांबली, की थांबलेल्या मशीनला हात लावण्याआधी त्याच्या पुढच्याकडे जा. ते ‘नाही’ म्हणत असेल, तर त्याला तसं कारण असतं.