अंगणाखालचा नळ

आमच्या बिलोलीच्या घरांत पाणी हा पूर्वापार सोवळ्याचा विषय आहे. आजीच्या वेळीं परसांतल्या आडाचें पाणी ओल्या नेसूनें भरलें जाई. तांब्याचा हंडा चिंचेनें घासून लखलखीत केल्याखेरीज त्यांत थेंब पडत नसे, आणि त्याच्या तोंडाला चौपदरी धुवट फडकें बांधलेलें असे. पाणी वस्त्रानें गाळून प्यावें ही मनूची आज्ञा. ती आमच्या घरीं तीन पिढ्या अक्षरशः पाळली गेली. असें असतां गेल्या ज्येष्ठांत माझ्या आठ वर्षांच्या नातीचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले, आणि ते आमच्याच घरच्या पाण्यानें झाले, हें कबूल करणें मला भाग आहे. ही कबुली चारचौघांपुढें मांडण्याचें कारण एवढेंच कीं, जी चूक आमच्या अंगणाखालीं झाली, ती आणखी कित्येक घरांच्या अंगणाखालीं आज मुकाट्यानें चाललेली असेल.

नळ आमच्या घरीं आला तो १९७६ सालीं. तोंवर सारी भिस्त आडावर होती, आणि वैशाख लागला कीं आड तळ दाखवूं लागे. घरांतल्या बायकांचे हात रहाटाच्या दोरानें सोलून निघत. माझ्या वडिलांनीं, म्हणजे नानांनीं, चार ठिकाणीं काटकसर करून रस्त्यावरच्या मोठ्या नळापासून स्वयंपाकघरापर्यंत अर्ध्या इंचाचा जस्ती लोखंडी नळ आणविला. तो रस्त्याकडेच्या गटाराखालून उंबऱ्याशीं येई, आणि तुळशीवृंदावनाला वळसा घालून आंत जाई. पहिल्या दिवशीं आईनें तोटीला हळदकुंकू वाहिलें. संस्कृतांत ‘नल’ म्हणजे पोकळ कांडाचें एक गवत. त्यावरूनच आपला नळ आला. शिवाय महाभारतांतल्या नलराजाची गोष्ट अशी कीं, त्यानें नुसती दृष्टि टाकली तरी रिकामे घडे पाण्यानें भरत. नाना हंसून म्हणत, “राजाला पाहावें लागे, आपल्याला तोटी फिरवावी लागते, एवढाच भेद.” पुढें कित्येक वर्षें आम्हीं तोटीच काय ती फिरविली, नळाकडे पाहिलें मात्र कोणीच नाहीं.

लोखंडी नळावर जस्ताचा मुलामा असतो. जस्त स्वतः झिजतें आणि लोखंडाला राखतें. परंतु ही राखण कायमची नसते. शिवाय नळाच्या टोकांना आटे पाडतांना मुलामा खरवडला जातो, म्हणून गंज प्रथम शिरतो तो सांध्यांत. आंतल्या अंगाला गंजाच्या गाठी धरतात, आणि आमच्या काळ्या दगडाच्या मुलखांतलें जड पाणी त्यांवर क्षारांचा थर चढवितें. नळाचें तोंड दिवसेंदिवस आंवळत जातें. अर्ध्या इंचाचें तोंड पाव इंचावर आलें तर पाणी निम्में येईल असें कोणालाही वाटेल. परंतु क्षेत्रफळ चौथाईच उरतें, आणि घर्षणामुळें पाणी चौथाईहूनही कमी येतें. हें गणित मीं वर्गांत फळ्यावर किती वेळां मांडलें असेल! घरची धार बोटाएवढी होती ती करंगळीएवढी झाली आणि करंगळीएवढी होती ती दोऱ्याएवढी, तेव्हां मात्र मला तें आठवलें नाहीं.

दुरुस्त्या आम्हीं पुष्कळ केल्या. उंबऱ्याजवळ ओल दिसली कीं सायकलीच्या जुन्या ट्यूबची पट्टी आंवळून वर तार गुंडाळावी. सांधा पाझरला तर आट्यांना सफेता लावून तागाचा धागा भरावा. अलीकडे एम-सीलचा गोळा थापावा. प्रत्येक ठिगळाबरोबर घरांत समाधान पसरे. माझा धाकटा भाऊ एकदां म्हणाला, “दादा, सगळाच नळ एकदां बदलून टाकूं या.” मीं उत्तर दिलें, “नानांनीं घातलेला नळ आहे. चालतो आहे तोंवर चालूं दे.” ह्या उत्तरांत पितृभक्ति किती होती आणि चिकटपणा किती होता, ह्याची वांटणी आज माझी मलाच करतां येत नाहीं.

मग दहा वर्षांमागें आम्हीं त्या नळाला विजेची मोटर जोडली. ज्या मराठवाड्यांत २०१६ च्या एप्रिलांत लातूरला मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, तेथें पाणी येईल तेवढ्या घटकेंत तें ओढून घ्यावें असें कोणाला वाटणार नाहीं? नळावर थेट मोटर लावूं नये हा नियम ठाऊक असूनही गल्लींतल्या चारजणांनीं लावली म्हणून आम्हींही लावली. दमलेल्या बैलाला वैरण न घालतां चाबूक मारावा, तसा हा प्रकार होता.

नातीला प्रथम ताप आला, मग अन्नावरची वासना गेली, आणि पांचव्या दिवशीं डोळे पिवळे झाले. डॉक्टरांनीं रक्त तपासविलें. कावीळ मुलांना बहुधा होते त्या ‘अ’ जातीची निघाली. पथ्यपाण्यानें बरी होईल, असा त्यांनीं धीर दिला. इतकें सांगून झाल्यावर त्यांनीं विचारलें, “घरांत कोणी गरोदर आहे का?” माझ्या धाकट्या सुनेला सातवा महिना होता. डॉक्टर क्षणभर थांबून म्हणाले, “गुरुजी, हें पाण्यांतून आलेलें दुखणें आहे. ज्या घाणीतून ‘अ’ जातीची कावीळ येते, तिच्यांतूनच ‘ई’ जातीचीही येऊं शकते, आणि शेवटच्या महिन्यांत ती बाईच्या जिवावर उठते.” १९५५-५६ सालीं दिल्लींत यमुनेच्या पाण्यांत मैला मिसळून काविळीची मोठी सांथ आली होती. सुमारें २९ हजार लोकांना कावीळ झाली, आणि मृत्यूचा घाला विशेष करून गरोदर बायकांवर पडला. ती सांथ ‘ई’ जातीची होती, हें त्या वेळीं राखून ठेवलेल्या रक्तावरून पुढें कित्येक वर्षांनीं सिद्ध झालें.

त्या दिवसापासून घरांत प्रत्येक घोट पाणी उकळून थंड केलेलें. पण जें आधींच पोटांत गेलें होतें त्याचें काय? विषार शरीरांत शिरल्यापासून रोग दिसेपर्यंत कित्येक आठवडे जाऊं शकतात. आम्ही ते आठवडे मोजीत होतों. रोज सकाळीं सूनबाई अंगणांत आली कीं मी वर्तमानपत्राच्या आडून तिचे डोळे पाहात असें. थोरली सून, नातीची आई, एकदां रडूं आवरीत म्हणाली, “मामंजी, पाणी तर मी रोज गाळूनच भरते हो.” तिचें म्हणणें खरें होतें. हंड्याच्या तोंडापासून पुढचें सारें तिच्या हातीं होतें, आणि तें निर्मळ होतें. हंड्याच्या मागचें माझ्या हातीं होतें.

दोष कोठें आहे हें एका साध्या परीक्षेनें कळलें. आरोग्य खात्याचा एक तरुण चौकशीला आला. त्याच्याजवळ ऑर्थोटोलिडीन नांवाच्या द्रवाची बाटली होती. पाण्यांत क्लोरीन शिल्लक असेल तर ह्या द्रवाच्या कांहीं थेंबांनीं पाणी पिवळें होतें. पिण्याच्या पाण्यांत दर लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम तरी क्लोरीन उरावें असें आपल्या देशांतलें मान आहे. शेजाऱ्यांच्या तोटीचें पाणी स्वच्छ पिवळें झालें. आमचें जसेंच्या तसें राहिलें. एकाच मोठ्या नळावरचीं दोन घरें, मध्यें एक भिंत! त्या तरुणानें समजावून सांगितलें कीं, क्लोरीन घाणीशीं आणि गंजाशीं झुंजतांना खर्ची पडतें. मोठ्या नळांत तें आहे आणि तुमच्या तोटींत नाहीं, ह्याचा अर्थ झुंज तुमच्या घरच्या नळांत चालली आहे.

दुसऱ्या दिवशीं नळाचा मिस्त्री आणविला. तो माझाच जुना विद्यार्थी. त्यानें गटाराजवळ खणलें, हातानें चिखल बाजूला सारला, आणि तो बराच वेळ नुसता पाहात बसला. मग म्हणाला, “गुरुजी, रागावूं नका. तुम्ही नळाची मोटर लावली न्हवं, गटाराची लावली.” मीं वांकून पाहिलें. नळाच्या सांध्यावरचा लोखंडाचा थर पापडासारखा सुटला होता, खालच्या अंगाला करंगळीचें नख जाईल एवढें छिद्र होतें, आणि तें सारें गटाराच्या पाण्यांत बुडालेलें होतें. नळांत पाण्याचा जोर असतो तोंवर अशा छिद्रांतून पाणी बाहेर जातें. तें नुकसान झालें तरी विष नव्हे. पण पाणी बंद झालें कीं नळ रिता होतो आणि बाहेरचें आंत ओढतो. मोटर तर हेंच काम दसपट जोरानें करी. दिवसाआड पाणी, गंजलेला सांधा, शेजारीं गटार आणि वर मोटर, असा हा चौघांचा मिळून कट होता, आणि चौघांपैकीं तिघांना घरांत आश्रय मीं दिला होता. मोठ्या नळाला जेथें आपला नळ जोडतात, तेथून पुढें त्याची राखण घरधन्याकडे असते, हेंही त्याच दिवशीं नीट उमगलें.

नवा नळ कोठून न्यावा ह्यावर घरांत वाद झाला. जुन्या मार्गानें नेला तर तुळशीवृंदावन हलवावें लागणार, ही वहिनींची हरकत. भिंतीवरून नेला तर घराची शोभा जाणार, ही धाकट्याची. मला त्या वेळीं जुन्या लोकांचीं पाण्याचीं कामें आठवलीं. सतराव्या शतकाच्या आरंभीं मलिक अंबरानें खडकीला, म्हणजे पुढच्या औरंगाबादेला आणि आजच्या छत्रपति संभाजीनगरला, खापरी नळांचें व चुनेगच्ची नहरीचें पाणी आणलें. अठराव्या शतकाच्या मध्याला नानासाहेब पेशव्यांनीं कात्रजच्या तलावाचें पाणी पुण्याच्या हौदांत खेळविलें. त्या वाटेवर हवा मोकळी होण्यासाठीं जागोजाग उच्छ्वास बांधलेले आहेत, आणि कात्रजची नहर तर माणूस उतरून आंत जाऊं शकेल एवढी मोठी आहे. रोमन वास्तुशास्त्री व्हिट्रुव्हियस ह्यानें दोन हजार वर्षांपूर्वीं लिहून ठेविलें कीं, शिशाच्या नळापेक्षां मातीचा नळ बरा. एक तर शिशापासून होणारा सफेता शरीराला घातक, आणि दुसरें म्हणजे मातीचा नळ मोडला तर तो कोणालाही दुरुस्त करतां येतो. ह्या सगळ्यांनीं एक गोष्ट धरून चालली होती, ती ही कीं आपलें काम केव्हां तरी बिघडणार, आणि मागून येणाऱ्याला तें उघडतां आलें पाहिजे. मीं निर्णय दिला: नळ भिंतीवरून, सर्वांना दिसेल असा जाईल. वृंदावन जागचें हललें नाहीं, आणि शोभेची कोणाला पुढें आठवणही झाली नाहीं.

काम तीन दिवस चाललें. रीतसर परवानगी काढून मोठ्या नळापासून घरापर्यंत निळ्या रेघांचा काळा पॉलिथिलीनचा नळ घेतला. तो वाटोळ्या भेंडोळ्यांत येतो, म्हणून मध्यें सांधा लागत नाहीं. गटार ओलांडतांना तो गटाराच्या वरून, लोखंडी नळकांड्यांत घालून नेला. पिण्याच्या पाण्याचा नळ गटाराच्या खालून कधींही नेऊं नये. घरांत दुधी रंगाचा सीपीव्हीसीचा नळ घातला. त्याला गंज नाहीं, ऊन पाणी सोसतो. मात्र उघड्या उन्हांत तो ठेवूं नये, झांकावा. सांध्यांचा डिंक पुरता वाळूं दिला. जुना नळ मोठ्या नळापाशींच बंद करविला, कारण मध्येंच तोडून ठेवलेल्या फांट्यांत पाणी कुजतें. नव्या नळांत रात्रभर ब्लीचिंग पावडरचें पाणी भरून ठेविलें आणि सकाळीं तें वाहूं दिलें. मोटर नळावरून काढली. आतां पाणी आपल्या जोरानें जमिनीलगतच्या झांकलेल्या हौदांत पडतें, आणि मोटर हौदांतून वर चढवितें. साऱ्याचा खर्च नातीच्या औषधपाण्याहून कमीच आला. त्याच तरुणाला पुन्हां बोलावून तोटीच्या पाण्यांत थेंब टाकविले, आणि पेल्यांत पिवळा रंग उमटला तेव्हां थोरली सून पदरानें डोळे टिपीत आंत गेली.

नात आषाढांत शाळेला जाऊं लागली. श्रावणांत धाकटी सून सुखरूप बाळंत झाली. ईश्वराची कृपा खरी. पण त्या कृपेची परीक्षा मीं पाहावयास नको होती.

जुन्या नळाचा वीतभर तुकडा मिस्त्र्यानें कापून मला दिला. आंत पाहिलें तर बोरूही जाणार नाहीं एवढी वाट उरलेली. तो मीं ओसरीवरच्या कपाटांत ठेविला आहे, आणि घरीं येणाऱ्याला दाखवितों. नानांचा नळ मीं पुष्कळ वर्षें जपला असें मला वाटत होतें. नानांनीं जें केलें तें मात्र वेगळें होतें: घरच्यांचे हाल पाहून त्यांनीं आपल्या वडिलांचा आड सोडला आणि नळ आणला. त्यांचा मान ठेवावयाचा तर लोखंड नव्हे, तेवढी माया जपावयास हवी होती.

अक्षय्य तृतीयेला आम्ही पितरांच्या नांवें उदककुंभ देतों. यंदा तो दिल्यावर धाकट्याला बरोबर घेऊन मीं उंबऱ्यापासून हौदापर्यंत साऱ्या नळावरून हात फिरविला, सांधे पाहिले, पेल्यांत थेंब टाकून रंग पाहिला. नात मागें मागें होती. “आजोबा, हें पण पूजेंतलंच का?” तिनें विचारलें. मीं म्हटलें, “होय. पुढच्या वर्षीं तूं करावयाचें.”